आईचा ‘आठ’ खरा मानायचा का?

प्रश्न : डॉक्टर, आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. नर्स सारखं विचारते, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? आई झोपेतून उठली आणि ८ म्हणाली, तर नर्स म्हणे एवढं दुखत असतं तर झोप लागली असती का. आणि बाबांना डिमेन्शिया आहे, उद्या त्यांना काही झालं तर त्यांचं दुखणं कसं मोजणार?

उत्तर : आई सांगते तोच आकडा धरायचा. थकलेलं माणूस दुखत असतानाही झोपतं, शिवाय पेनकिलरनेही गुंगी येते. शुगर मोजतो तसं दुखणं मोजायचं मशीन नाहीये, बीपी आणि नाडीवरूनही नक्की कळत नाही. मार्गो मॅककॅफरी या नर्सने १९६८ मध्येच लिहिलं होतं की पेशंट म्हणेल तेच दुखणं, आणि तरी आजही पेशंटला खोटं पाडलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फक्त तो ८ बाजूच्या पेशंटच्या ८ शी लावू नका, तो आईच्याच आधीच्या आकड्याशी लावायचा, म्हणजे औषधानंतर साधारण २ अंकांनी उतरला तर गुण आला म्हणायचं. आणि नुसतं पडल्यापडल्या विचारून भागत नाही हो, पडून ३ असेल पण कूस बदलताना किंवा उभं राहताना ८, आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर लवकर चालवायचं असतं त्यामुळे हा दुसरा आकडा जास्त कामाचा. आकडा जमत नसेल तर आईला तिच्या शब्दांत सांगू दे. ठणका वेगळा, सणक वेगळी, कळ वेगळी, आणि आग होतेय, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं होतं असं म्हणाली तर नसेचं दुखणं असू शकतं, त्याची औषधंही वेगळी, म्हणून हे शब्द डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा.

बाबांनाही आधी साधं विचारायचंच, दुखतंय का? बरेच जण हो-नाही नीट सांगतात. नाहीच जमलं तर पेनॅड नावाची स्केल आहे, त्यात श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टी बघून प्रत्येकीला ० ते २ मार्क देतात. त्यांचं रोजचं वागणं मात्र तुम्हालाच माहीत. एरवी शांत असणारे बाबा अंघोळीला हात लावू देईनात किंवा जेवण टाकायला लागले, तर नर्सला लगेच सांगा, हट्टीपणा म्हणून सोडून देऊ नका.