जुन्या चाचणीतल्या घरांना नव्या फेरीसाठी पुन्हा विचारावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: गेल्या वर्षी थालिपिठाच्या भाजणीची पाकिटं 60 घरांत देऊन मतं घेतली. आता बाजरी कमी करून ज्वारी वाढवली आहे. तीच 60 घरं पुन्हा घ्यावीत का? शिवाय ग्रुपवर मेसेज टाकला तर फक्त नऊ जणींनी उत्तर दिलं, असं का झालं?

सगळी 60 घेऊ नका आणि सगळी सोडूही नका. काय विचारायचं आहे ते आधी ठरवा. 'नवी भाजणी आवडली का' हे नव्या घरांना विचारायचं. 'फरक कळतो का' आणि 'जुनी बंद झाली तर चालेल का' हे जुन्यांना. या दोन कामांची सरमिसळ झाली की पैसे आणि पीठ दोन्ही वाया जातं.

मी पुण्यात चौदा वर्षं हेच काम केलं. आधी दारोदार फिरून माणसं जमवणारी रिक्रूटर होते, नंतर सुपरवायझर झाले. आमच्या धंद्यात 'रिपीट रिस्पॉन्डंट', म्हणजे पुन्हा पुन्हा चाचणीला बसणारी व्यक्ती, हा शब्द दोष म्हणूनच वापरतात. स्क्रीनरमध्ये, म्हणजे माणूस चाचणीला चालेल का हे ठरवणाऱ्या प्रश्नावलीत, बहुतेक वेळा पहिल्या काही प्रश्नांतच विचारतात, 'गेल्या सहा महिन्यांत अशा कुठल्या चाचणीत भाग घेतला होता का?' हो म्हटलं की मुलाखत तिथेच संपते.

ही अट का असते ते मला एका चहाच्या चाचणीत कळलं. एका बाईंनी माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत 'नाही' म्हटलं. मग कप पुढे ठेवला, तर कुणी सांगायच्या आधीच त्यांनी पाण्याचा घोट घेऊन तोंड साफ केलं आणि कपावरचा तीन आकडी कोड मला मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्यांदा आलेली बाई असं कधीच करत नाही, ती कपाकडे बघते आणि 'साखर किती घातलीय?' विचारते. बॅकचेकला, म्हणजे नंतरच्या फेरतपासणीत, निघालं की पाच महिन्यांत त्या चार वेळा वेगवेगळ्या नावांनी बसल्या होत्या. त्यांना दोष द्यायला माझं मन तयार होत नाही. आमच्या रिक्रूटरला डोक्यामागे पैसे मिळायचे आणि कोटा शनिवारपर्यंत भरायचा होता, म्हणून तिने ओळखीच्याच बायका पुन्हा बोलावल्या. त्या दिवसाची सगळी उत्तरं आम्हाला बाजूला ठेवावी लागली. चहा आवडला की नाही हे सांगायला ती बाई आता साधी गिऱ्हाईक उरलेली नव्हती, तिला परीक्षेची सवय झाली होती.

तुमच्या 60 घरांतही थोडंफार हेच होणार. शिवाय एक गोष्ट याहून घातक आहे. उत्तर दिलेल्या त्या नऊ जणी कोण आहेत ते एकदा जुन्या फॉर्मशी ताडून बघा. माझा अंदाज, बहुतेकींनी गेल्या वेळी भाजणीला चांगलंच म्हटलं असेल. ज्यांचं थालीपीठ थापताना कडेला फाटलं, ज्यांना पीठ खवट लागलं, त्या गप्प बसल्यात. फक्त परत येणाऱ्यांना विचारलंत तर दुसरी फेरी पहिलीपेक्षा छान दिसेल, मग भाजणी सुधारलेली असो वा नसो.

म्हणून फोन करायला घ्याल तेव्हा नावडलं म्हणणाऱ्यांपासून सुरुवात करा. त्यांना परत आणणं अवघड असतं, पण तुमची खरी गरज त्याच आहेत. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं. बाजरी कमी करण्याचा निर्णय तुम्ही त्यांच्या तक्रारीवरूनच घेतला असेल, तर तो बरोबर होता का हे दुसरं कोण सांगणार?

आता त्या मेसेजबद्दल. ग्रुपवर टाकलेला निरोप कुणालाच आलेला नसतो. त्याहून मोठं कारण असं, की गेल्या वर्षी त्यांनी वेळ काढून थालीपीठ लावलं, फॉर्म भरला, आणि पुढे तुमच्याकडून एक शब्द गेला नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं, कारण आमच्या कामात हे सर्रास होतं. मत घेतलं, गिफ्ट दिलं, संपलं. निदान तुम्ही तरी असं करू नका. एकेकीला वेगळा निरोप पाठवा, साधारण असा:

'नमस्कार ताई, गेल्या वर्षी तुम्ही आमची भाजणी करून पाहिली होती. कडू लागते असं तुम्ही लिहिलं होतं. त्यावरून आम्ही बाजरी कमी केली आहे. नवी भाजणी करून बघाल का? एक पाकीट पाठवू, चार दिवसांनी दहा मिनिटांचा फोन करू. नको असेल तर तसं कळवा, पुन्हा विचारणार नाही.'

हा निरोप फक्त 'आवडली का' या आकड्यांत न धरायच्या घरांना पाठवा. ज्यांना फरक ओळखायला बसवणार, त्यांना काय बदललं ते आधी अजिबात सांगू नका. त्यांना एवढंच लिहा की तुमच्या मतावरून आम्ही काम केलं आणि काय केलं ते चाचणी झाल्यावर सांगू. मग ते सांगाच.

फोन सकाळी अकराच्या पुढे, ओटा आवरल्यावर करा. दुपारी दोन ते चार नाही. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी घरं असतात, कांदा घालून लावायच्या थालिपिठाची चाचणी तेव्हा ठेवलीत तर तीच घरं गळतील. शेंगदाणा, गहू वगैरेंची ॲलर्जी दर फेरीला नव्याने विचारा, गेल्या वर्षीच्या फॉर्मवर विसंबू नका.

फरकाच्या चाचणीला जुन्यांतल्या 24 जणी पुरतील. प्रत्येकीपुढे तीन तुकडे ठेवायचे, दोन एका भाजणीचे आणि एक दुसरीचा, आणि वेगळा कुठला ते ओळखायला सांगायचं. मांडणीच्या सहा तऱ्हा होतात, त्या प्रत्येकी चार जणींना द्या. नुसत्या अंदाजाने आठेक जणी बरोबर सांगतीलच. 13 किंवा जास्त जणींनी ओळखलं तर फरक खरा आहे असं धरायला हरकत नाही. तिन्ही तुकडे एकाच तव्यावरचे, सारखे भाजलेले आणि सारखे गरम हवेत, नाहीतर त्या भाजणी न ओळखता करप ओळखतील.

दुसरा जुन्यांचाच प्रश्न, 'जुनी बंद झाली तर चालेल का', मला सगळ्यात मोलाचा वाटतो. 1985 च्या एप्रिलमध्ये कोका-कोलाने अमेरिकेत चव बदलली. त्याआधी सुमारे दोन लाख लोकांना चाखायला दिलं होतं आणि नवी चव सरस ठरली होती. तरी जुनी बंद होताच लोक इतके खवळले की जुलैत ती परत आणावी लागली. घोटभर चाखून 'कुठली आवडली' हे कळतं, पण 'तुमची नेहमीची आता मिळणार नाही' हे ऐकल्यावर काय वाटतं ते त्या घोटात नसतं. जुनी भाजणी ज्यांच्या डब्यात महिनाभर होती, त्यांनाच हे विचारता येईल. चव बघून झाल्यावर, अगदी शेवटी विचारा.

आवडीच्या चाचणीसाठी 40 नवी घरं शोधा. जुन्या घरांकडून नावं मागितलीत तर एका घरातून एकच घ्या, नाहीतर एकाच भिशीच्या सगळ्या बायका येतील आणि एकमेकींशी बोलून उत्तरं देतील. जुन्यांची आणि नव्यांची उत्तरं वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा, सरासरी एकत्र काढू नका.

नंबर वापरण्याबद्दलही नीट बघा. 2023 च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याप्रमाणे संमती ज्या कामासाठी घेतली त्या कामापुरतीच असते, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं असायला हवं. गेल्या वर्षीच्या फॉर्मवर 'पुढच्या चाचणीसाठी संपर्क केला तर चालेल' अशी ओळ होती का ते तपासा. नसेल तर पहिल्या निरोपात तेवढंच विचारा, आणि या वेळच्या फॉर्मवर ती ओळ वेगळी छापून पुढे सही घ्या.

भेट म्हणून तुमचंच पाकीट देऊ नका, स्टीलचा छोटा डबा द्या. आणि तो उत्तर ऐकायच्या आधी हातात ठेवा, म्हणजे नावडलं म्हणायला कुणाला संकोच वाटणार नाही.