उजनीसाठी कॅटामरान घेताय? आधी रुंदी मोजा

तुमची पोस्ट वाचली आणि हसू आलं, पोटात गोळापण आला. उजनी धरणाच्या बॅकवॉटरला फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांना फिरवायचं म्हणून मालवणकडची सेकंडहँड कॅटामरान बोट बघून ठेवलीय, २६ फुटी, फोटो झकास, 'अजून काय बघू?' असं विचारलंय तुम्ही. काही वर्षांपूर्वी मी सोलापुरात बसून असाच फोटोवर भाळलो होतो, म्हणून लिहितोय.

इंजिन किती तास चाललंय, कागद कुणाच्या नावावर आहेत, हे तुम्ही बघालच. मला एकच सांगा, रुंदी किती?

मी विचारलीच नव्हती. लांबी विचारली, किती माणसं बसतात विचारलं, आणि रंग कुठला ते पण विचारलं. आता कॅटामरान म्हणजे दोन हल (पाण्यात तरंगणारे लांबट सांगाडे) आणि मधे डेक, रुंदी लांबीच्या निम्म्याच्या आसपास असायचीच, म्हणून तर ती डुलत नाही आणि लोकांच्या हातातला चहा सांडत नाही. माझी निघाली साडेतेरा फूट. आणि रस्त्यावर गाडीची रुंदी चालते २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. हे मला कळलं कधी, तर पैसे देऊन झाल्यावर, क्रेन उभी असताना, ट्रेलरवाल्यानं टेप लावली आणि काही न बोलता बिडी पेटवली तेव्हा.

जादा रुंद मालाला स्पेशल परवानगी मिळते, नाही असं नाही. पण ज्या कार्यालयात मी गेलो (नाव घेत नाही, पुन्हा तिथंच काम पडायचंय) तिथं पहिला आठवडा 'बोट हे वाहन की माल' यावरच गेला. वाहन असेल तर आरसी आणा म्हणे. बोटीचं आरसी! एक साहेब म्हणाले पाण्यातून न्या की. मालवणहून उजनीजवळच्या टेंभुर्णीला पाण्यातून! तीन आठवडे हेलपाटे, तिकडं क्रेनचं आणि जागेचं भाडं चालूच, वर फोंडा घाटातली वळणं बघून ट्रेलरवाला रोज नवीन आकडा सांगायचा.

आणि मग मी ती चूक केली. कुणीतरी म्हणालं मधून कापा, दोन हल दोन ट्रकात घाला, तिकडं जोडून घ्या, फायबरच तर आहे. कापली बघा. कटर चालला आणि अंगणभर पांढरी भुकटी, माझ्या भुवयांवर सुद्धा. कॅटामरानचा सगळा जीव दोन हलना धरणाऱ्या त्या आडव्या बीममध्ये असतो, कारण लाट आली की दोन्ही हल वेगवेगळे हलायला बघतात आणि तो पीळ बीमच सोसतो. तेच मी तोडलं. धरणाजवळ भीमानगरला जोडून घेतली, वरून चकाचक, पण पहिल्याच वाऱ्याला सांध्यातून कर्र्र कर्र्र आवाज, दुसऱ्या महिन्यात हाताचं बोट शिरेल एवढी चीर. पुढं बोट तपासायला आलेले सर्व्हेअर म्हणाले मूळ ड्रॉइंग दाखवा, बदल कुणी मंजूर केला ते दाखवा. काय दाखवणार, कपाळ? एका हलचा वरचा भाग कापून टाकला, आता ओळखीच्याच्या शेतात त्यातून म्हशी पाणी पितात.

तेव्हा माझं मत (मी इंजिनिअर नाही, चटके खाल्लेला माणूस आहे): घ्यायचीच तर नटबोल्टनं सुटणारी घ्या, ज्यात ते आडवे बीम वेगळे निघतात आणि प्रत्येक हल साध्या ट्रकात मावतो. अख्खी एकाच साच्यातली कितीही स्वस्त मिळाली तरी घाटावर आणायला नको. समुद्रातली बोट गोड्या पाण्यात जराशी जास्त बुडते, गोडं पाणी हलकं असतं ना, म्हणून तिकडच्या पाणरेषेवर (बोट कुठवर बुडते त्या खुणेवर) विसंबून माणसं भरू नका, कॅटामरानला जादा वजन अजिबात सोसत नाही.

दुसरं, उन्हाळ्याचा विचार करा. उजनी सुमारे ११७ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी, आणि धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी त्या मृतसाठ्यातही उतरलं, की पाणी किती लांब सरकतं ते तुम्ही बघितलंच असेल. जेट्टी इकडं, पाणी तिकडं आणि मधे नुसता चिखल. बोट उतरवणार कुठं, ते मे महिन्यात जाऊन बघा, दिवाळीत नको.

आणि 'कॅटामरान उलटत नाही' असं जो म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. सहजी उलटत नाही, पण उलटली तर स्वतःहून सरळ होत नाही. मे २०२४ मध्ये उजनीतच कुगाव-कळाशीच्या मधे वादळी वाऱ्यात बोट बुडून सहा जण गेले, ती साधी बोट होती, पण वारा तोच आहे. लाइफ जॅकेट घालूनच बसवायचं, गिऱ्हाईक रुसलं तरी.

जाताना टेप घेऊन जा, तीस फुटी, आणि शेंगाचटणी-कडक भाकरी बांधून घ्या, ट्रकवाल्यांशी बोलणी लांबतात. रुंदी कळवा. ॲडव्हान्स दिला नसेल तर अजून देऊ नका.