विधेयक समितीपुढे येते तेव्हा

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

खासदारांच्या कार्यालयात साहाय्यक म्हणून तू रुजू होत आहेस आणि ते संसदेच्या ज्या स्थायी समितीचे सदस्य आहेत, तिच्याकडे नुकतेच एक विधेयक विचारार्थ आले आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. तयारी कुठून सुरू करावी, असे तू विचारले आहेस. असेच काम मी अनेक वर्षे केले आहे आणि माझे उत्तर आजही तेच आहे: विधेयकाच्या मजकुरापासून. प्रसिद्धीपत्रके, बातम्या आणि तज्ज्ञांचे लेख नंतर वाच, कारण ते आधी वाचले की मजकुरात जे लिहिलेलेच नाही तेही दिसू लागते.

विधेयकाला जोडलेले उद्देश व कारणे यांचे निवेदन काय साधायचे आहे ते सांगते. प्रत्यक्षात काय घडेल ते मात्र खंड, म्हणजे विधेयकातली कलमे, ठरवतात. या दोहोंत जिथे अंतर दिसेल तिथे खूण कर. मग व्याख्यांचा खंड पुन्हा वाच, आणि जो शब्द पुढे वारंवार येतो पण ज्याची व्याख्याच दिलेली नाही, तो वेगळा लिहून काढ. ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ हे शब्द किती ठिकाणी आले आहेत तेही मोज, कारण अशा प्रत्येक ठिकाणी संसदेने करायचा निर्णय नंतर नियम करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जातो. प्रत्येक वेळी ते गैर असते असे नाही. अर्जाचा नमुना नियमांत असणेच योग्य. पण अर्ज कोणाला करता येईल हेही नियमांवर सोपवले असेल, तर सदस्यांनी त्याबद्दल विचारलेच पाहिजे.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण समितीचे काम माझ्या मते त्यात सर्वांत स्पष्ट दिसते. २०१६ साली मांडलेल्या सरोगसी (नियमन) विधेयकात सरोगेट माता, म्हणजे दुसऱ्या दाम्पत्यासाठी मूल पोटात वाढवणारी स्त्री, ही त्या इच्छुक दाम्पत्याची ‘जवळची नातेवाईक’ असली पाहिजे अशी अट होती, आणि जवळची म्हणजे कोण याची व्याख्या मात्र नव्हती. आरोग्यविषयक स्थायी समितीने २०१७च्या अहवालात या अटीवर आक्षेप घेतला आणि नात्यातील तसेच नात्याबाहेरील अशा दोन्ही स्त्रियांना परवानगी असावी असे म्हटले. ते विधेयक लोकसभेत संमत होऊनही पुढे व्यपगत झाले, म्हणजे कायदा न होताच संपुष्टात आले, आणि २०१९ साली नवे विधेयक आले तेव्हा ती अट जशीच्या तशी होती. समितीचे म्हणणे वाया गेले असेच तेव्हा कोणालाही वाटले असते. पण लोकसभेची संमती मिळाल्यावर राज्यसभेने ते विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एका विधेयकासाठीच नेमलेल्या समितीकडे, पाठवले, आणि त्या समितीने फेब्रुवारी २०२०च्या अहवालात ‘जवळची नातेवाईक’ ही अट काढून ‘इच्छुक स्त्री’ (सरोगेट होण्यास स्वतःहून तयार असलेली) असे शब्द सुचवले, पाच वर्षे वाट पाहायला लावणारी वंध्यत्वाची व्याख्या वगळण्यास सांगितले आणि सरोगेट मातेच्या विम्याची मुदत १६ महिन्यांवरून ३६ महिने करावी अशी शिफारस केली. २०२१च्या अधिनियमात हे तिन्ही बदल आहेत. ज्या स्त्रीवर सासर-माहेरच्या माणसांचा दबाव येऊ शकला असता आणि ज्या दाम्पत्याला नात्यात कोणीच नव्हते, त्या दोघांचाही प्रश्न एका विशेषणात दडलेला होता. पहिल्या समितीने कारणांसह लिहून ठेवले नसते, तर दुसरीला सगळे पुन्हा मुळापासून मांडावे लागले असते.

समित्यांची रचना तुला माहीत असेल, म्हणून थोडक्यात लिहितो. विभागांशी संबंधित स्थायी समित्या १९९३ साली सुरू झाल्या. आज त्या २४ आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात आणि मंत्र्यांना सदस्य होता येत नाही. स्थायी समिती दुरुस्त्यांची शिफारस करते; प्रवर किंवा दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती मात्र दुरुस्त केलेले विधेयकच सभागृहाला परत करू शकते. नियमांच्या भाषेत स्थायी समितीचा अहवाल हा विचारपूर्वक दिलेला सल्ला असतो आणि सरकारवर तो बंधनकारक नसतो. त्यामुळे समितीचे सारे वजन तिच्या पुराव्यात आणि युक्तिवादात असते, आणि तुझे काम नेमके तिथे आहे.

समितीपुढे आधी मंत्रालयाचे सचिव येतात, मग तज्ज्ञ, संघटना आणि निवेदने पाठवणारे नागरिक. सदस्यांसाठी प्रश्न तयार करताना ‘या विधेयकाचा हेतू काय?’ असा प्रश्न लिहू नकोस, कारण त्याचे तयार उत्तर सचिवांच्या हातातल्या कागदावर असते. ‘खंड अमुकमधील परंतुकानुसार (‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अटीनुसार) आदेशाविरुद्ध अपील करायला तीस दिवस आहेत, आदेशाची प्रत मिळालीच नाही तर ही मुदत केव्हापासून मोजायची?’ असा प्रश्न लिही. अशा प्रश्नाला लेखी उत्तर मागता येते, आणि ते उत्तर अहवालात येऊ शकते. आलेल्या निवेदनांपैकी जाड आणि सुबक छापलेली आधी वाचली जातात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तू हाताने लिहिलेले दोन पानी निवेदनही तितक्याच लक्षपूर्वक वाच. कायदा ज्यांच्या दारात जाणार असतो त्यांच्यापैकी अनेकांकडे मसुदा तपासून घ्यायला वकील नसतो.

पक्षाचा विचारही तुझ्यापुढे येईल. बैठका बंद दाराआड होतात आणि सभागृहातल्यासारखा पक्षादेश तिथे लागू होत नाही, म्हणून वेगवेगळ्या बाकांवरचे सदस्य एखाद्या खंडावर एकमताने बोलताना आढळतात. एकमत झालेच नाही तर भिन्नमत पत्रिका जोडता येते. ती लिहिण्याची वेळ आली तर विरोधासाठी विशेषणे वापरू नकोस; खंड, त्यातला दोष आणि पर्यायी शब्दरचना या क्रमाने लिही.

एक खंत बोलून दाखवतो. पंधराव्या लोकसभेच्या काळात सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेच्या काळात हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. घाई असते हे खरे, पण दिवाळखोरी संहितेसारखे मोठे विधेयक डिसेंबर २०१५मध्ये मांडले जाऊन, संयुक्त समितीकडून तपासून, मे २०१६पर्यंत संमत झाले होते, तेव्हा छाननी म्हणजे विलंबच हे मला पटत नाही. तुमच्या समितीकडे विधेयक आले आहे, तेव्हा तिच्या प्रत्येक बैठकीचा पुरेपूर उपयोग व्हावा असे मला मनापासून वाटते.

मला पत्र अवश्य लिही, पण समितीत कोण काय म्हणाले ते त्यात नको. अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत ती कागदपत्रे गोपनीय असतात. मांडलेले विधेयक सर्वांसाठी खुले असते. त्याचा व्याख्यांचा खंड आणि तुला खटकलेले शब्द तेवढे पाठव, मी माझ्या टिपणांसह परत करीन.

तुझा,
शुभचिंतक