‘बायको म्हणते, तू नार्सिसिस्ट आहेस’

ही तक्रार हल्ली समुपदेशनात वारंवार ऐकू येते. नार्सिसिस्ट म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात गुंतलेला, कौतुकाचा भुकेला, दुसऱ्याच्या मनाची फारशी पर्वा नसलेला माणूस. कुणीतरी रील बघितलेली असते, त्यातली लक्षणं नवऱ्याला नाहीतर सासूला चिकटवून झालेली असतात. ज्याला चिकटवली तो शेवटी विचारायला येतो, ‘मी खरंच तसा आहे का?’

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले एक गृहस्थ असेच आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). चाळिशीच्या आतबाहेरचे, कुंडईच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि गावच्या जत्रेतल्या नाटकाचे दिग्दर्शक. तालमीला उशिरा आलेल्या तबलजीचा सगळ्यांदेखत पाणउतारा केला. घरी बायको ‘जरा जास्तच बोललास’ म्हणाली, तर चार दिवस अबोला. हे सगळं त्यांनी बऱ्यापैकी तोऱ्यात सांगितलं. मग उठता उठता म्हणाले, ‘मॅडम, रात्री दोनला जाग येते आणि वाटतं, आपण कोणीच नाही.’ तासभराच्या बोलण्यात सगळ्यात कामाचं वाक्य ते.

आधी निदानाबद्दल. डीएसएम-५ या २०१३च्या निदानपुस्तिकेत नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकाराचे ९ निकष आहेत. त्यातले किमान ५ लागतात, आणि तेही तरुणपणापासून, घर, काम, मित्र अशा सगळीकडे दिसावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११मध्ये तर या नावाचा वेगळा विकारच ठेवलेला नाही. व्यक्तिमत्त्वाचा त्रास सौम्य, मध्यम की तीव्र, हे आधी बघतात. म्हणजे रीलवरून निदान होत नाही. पण ‘ज्याला ही शंका येते तो नार्सिसिस्ट नसतोच’ हा दिलासाही खोटा आहे. २०१४मध्ये अमेरिकी संशोधकांनी एकाच प्रश्नाची मोजणी प्रसिद्ध केली, ‘मी नार्सिसिस्ट आहे’ हे तुम्हाला १ ते ७मध्ये किती लागू पडतं? मोठ्या प्रश्नावल्यांत ज्यांचे गुण जास्त, त्यांनी इथेही वरचे आकडे दिले. काही जण तर ते अभिमानाने सांगतात. शिवाय या स्वभावाचा एक प्रकार मिरवणारा नसून दुखरा असतो, लाजरा, पटकन दुखावणारा, मनातल्या मनात तुलना करत राहणारा. तो तर शंकेतच जगतो. पुष्कळदा दोन्ही एकाच माणसात आळीपाळीने दिसतात. या गृहस्थांचं तसंच होतं.

म्हणून ‘आहे की नाही’ हा वाद बाजूला ठेवून दोन आठवड्यांची वही दिली. तीन रकाने: काय घडलं, अंगात पहिल्यांदा काय जाणवलं, मग मी काय केलं. त्याच रात्री लिहायचं, चार ओळींपेक्षा जास्त नाही. पहिल्या आठवड्यात वही फुकट गेली, कारण ती इतरांच्या चुकांची यादी झाली होती. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. मग नियम केला, ‘तो’ किंवा ‘ती’ने सुरू होणारं वाक्य खोडायचं. दुसऱ्या आठवड्यात मधल्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट आली: पोटात खड्डा, कान गरम. तबलजी उशिरा आला तेव्हा आधी राग नव्हताच. ‘हे लोक मला मोजत नाहीत’ अशी लाज होती, दोन-तीन सेकंदांची. तुच्छतेचे शब्द तिच्यावर झाकण म्हणून आले. थोडा वेळ बरं वाटलं, नंतर पस्तावा, आणि पस्तावा सोसवेना म्हणून अबोला.

या तिघांना त्यांनी स्वतःच नावं दिली: तुच्छतेने बोलणारा ‘साहेब’, लाजेने खचणारा ‘धाकटा’, आणि अबोला धरणारं ‘कुलूप’. जेफ्री यंग यांच्या स्कीमा थेरपीत, म्हणजे लहानपणापासून मुरलेल्या समजुतींवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीत, जवळपास अशाच तीन अवस्था सांगितल्या आहेत: बढाई मारणारी, एकाकी मुलाची आणि स्वतःला तोडून घेणारी. धाकटा म्हणजे गणेश चवथीला मूळघरी माटोळीखाली (गणपतीच्या वर बांधलेल्या फळांच्या चौकटीखाली) उभा असलेला, चुलतभावाशी मार्क ताडून बघितले जाणारा मुलगा. तरी सगळा दोष बालपणावर ढकलू नये. नेदरलँड्समधल्या ७ ते १२ वर्षांच्या मुलांवरच्या २०१५च्या अभ्यासात मायेच्या अभावापेक्षा ‘आमचा मुलगा सगळ्यांहून खास’ या कौतुकाचा नार्सिसिझमशी संबंध दिसला. यांच्या घरी पहिला नंबर आला की ते कौतुक, नाही आला की तुलना.

पुढचं काम खुर्च्यांचं. समोरासमोर दोन खुर्च्या, आणि बाजूला तिसरी. माणूस तोच, पण एकेका खुर्चीत बसून एकेका भागाच्या तोंडून बोलतो. आधी ‘साहेब’ बसतो. त्याला पाच-सात मिनिटं, जास्त नाही. मोकळं सोडलं तर तो तास खातो. त्याला झापायचं नाही, दोनच प्रश्न विचारायचे: तू कधीपासून कामाला आहेस? तू गेलास तर काय होईल अशी भीती वाटते? त्याचा अपमान केला तर तो आणखी फुगतो, नाहीतर पुढच्या वेळी माणूस येतच नाही. मग ‘धाकट्या’च्या खुर्चीत. इथे वेगळाच घोटाळा झाला. नाटकवाला माणूस, त्याने धाकटा झकास वठवला! आवाजात कंप, योग्य जागी विराम. डोळे मात्र ‘कसं झालं?’ विचारत होते. म्हणजे खुर्ची बदलली तरी साहेबच बोलत होता. तेव्हा डोळे मिटायला सांगितले, वाक्यं चार-पाच शब्दांची, आणि फक्त पोटात काय होतंय तेवढंच. दोनेक मिनिटांत आवाज सपाट झाला, विराम गेले. तिसऱ्या खुर्चीत आजचा प्रौढ माणूस बसतो आणि दोघांचं ऐकून उद्याच्या तालमीतलं एकच वाक्य ठरवतो. यांचं ठरलं, ‘उशीर झाला की मला वाटतं माझी किंमत नाही. उद्या साडेसातला सुरू करू.’

घरासाठी दोन गोष्टी. कुलूप लागायला आलं की बोलणं थांबवावं, पण परतायची वेळ सांगून: ‘मला वीस मिनिटं दे, साडेनऊला बोलू’, आणि साडेनऊला यायचंच. वेळ न सांगता उठून गेलं की तो अबोलाच. आणि माफी तीन वाक्यांत: मी काय केलं, तुला काय सोसावं लागलं, पुढच्या वेळी काय करीन. ‘पण’ नको. ‘मी किती वाईट आहे’ हेही नको, कारण मग दुखावलेल्या बायकोलाच नवऱ्याची समजूत काढत बसावं लागतं.

काही महिन्यांनी अबोला चार दिवसांवरून एखाद्या रात्रीवर आला. तालमीत साहेब अजून येतो, विशेषतः प्रयोग जवळ आला की.

त्यांच्या पत्नीशी वेगळं बोलणं झालं, आणि ते आधीच व्हायला हवं असतं. नवऱ्याचे भाग ओळखणं हे तिचं काम नाही. घरात मारहाण, धमकी, पैशांची अडवणूक असेल तर दोघांना एकत्र बसवू नये. खोलीत बोललेलं घरी तिच्यावर उलटतं. अशा वेळी महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. या स्वभावावर खास असं औषध नाही, पण सोबत नैराश्य, दारू किंवा मरणाचे विचार असतील तर मानसोपचारतज्ज्ञ लागतोच. बांबोळीला मानसोपचार संस्थेची ओपीडी आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.