निळा, हिरवा आणि पोचपावती

प्रश्न : मी साताऱ्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझी मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. मागच्या खेपेस ती आली तेव्हा स्वतःचा जुना आयफोन मला देऊन गेली. त्यावरून तिला पाठवलेले संदेश एरवी निळ्या रंगात दिसतात आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरांत ‘डिलिव्हर्ड’ असे उमटते. अधूनमधून मात्र एखादा संदेश हिरवा होतो आणि त्याखाली काहीच उमटत नाही. तो तिला मिळालाच नसेल असे समजून मी तोच मजकूर दोन-तीनदा पाठवते. त्यावर ती म्हणते, ‘आई, एकच गोष्ट किती वेळा सांगतेस!’ शिवाय रिचार्जमधले पैसे कापले जातात ते वेगळेच. हा रंग कशामुळे बदलतो?

उत्तर : आपल्या मुलीची तक्रार हाच आपले हिरवे संदेशही तिला मिळाल्याचा पुरावा आहे. संदेश पोहोचला की नाही हे रंग सांगत नाही. तो कोणत्या वाटेने गेला एवढेच सांगतो. पोहोचल्याची खूण त्या बारीक अक्षरांत असते आणि साध्या एसएमएसच्या वाटेवर आयफोनमध्ये ती अक्षरे उमटण्याची सोयच नाही.

निळा संदेश म्हणजे आयमेसेज. ॲपलने ही सेवा २०११ मध्ये सुरू केली. ती इंटरनेटवरून, ॲपलच्या स्वतःच्या सर्व्हरमार्फत चालते आणि तिच्यासाठी दोन्हीकडे ॲपलचेच उपकरण लागते. हिरवा संदेश बहुतेक वेळा एसएमएस असतो, म्हणजे तो इंटरनेटला न शिवता मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून जातो. खरे तर हिरवा हाच थोरला भाऊ आहे, कारण २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्यावरचे सगळेच संदेश हिरवे होते. मुलीकडून येणारे संदेश मात्र कोणत्याही वाटेने आले तरी आपल्याला करड्या चौकटीतच दिसतील, त्यामुळे रंग पाहायचा तो आपण पाठवलेल्या संदेशांचा.

आपल्या पिढीला यातला फरक टपालाच्या भाषेत चटकन कळेल. एसएमएस म्हणजे पेटीत टाकलेले साधे पत्र. ते बहुधा पोहोचते, पण पोहोचल्याचे आपल्याला कोणी कळवत नाही. आयमेसेज म्हणजे पोचपावती जोडलेले रजिस्टर पत्र. मात्र त्या गुलाबी-पिवळ्या कार्डावर घरातल्या कोणाचीही सही चालून जात असे, तसेच ‘डिलिव्हर्ड’चेही आहे. संदेश मुलीच्या एखाद्या उपकरणावर जाऊन पडला, एवढाच त्याचा अर्थ. ते उपकरण तिच्या हातातला फोन असेल किंवा घरी टेबलावर ठेवलेला आयपॅडही असेल. तिने तो उघडून पाहिल्याचे सांगणारा शब्द ‘रेड’ (लाल या अर्थाचा नव्हे, वाचला या अर्थाचा) हा आहे आणि तिने वाचल्याची खबर देण्याची सोय स्वतःच्या फोनवर चालू ठेवली असेल तरच तो आपल्याला दिसेल. पुष्कळ लोक ती बंद ठेवतात, त्यामुळे तो शब्द दिसला नाही म्हणून रागावण्याचे कारण नाही.

आता आपल्याच फोनवर संदेश मधूनच हिरवा का होतो ते पाहू. आपण घरच्या वाय-फायवर फोन वापरत असाल आणि मोबाइलचा डेटा बंद ठेवत असाल, तर दुपारी वीज गेली की राउटर बंद पडतो आणि फोनचे इंटरनेटही जाते. मोबाइलचे नेटवर्क मात्र चालूच असते. आयमेसेज जात नाही असे दिसले की तोच मजकूर एसएमएसने पाठवून देण्याची परवानगी आयफोनच्या सेटिंगमध्ये असते, आणि ती चालू असेल तर फोन आपल्याला न विचारता वाट बदलतो. संदेश हिरवा होतो तो तेव्हा. उलट बाजूनेही हेच घडू शकते. मुलीच्या फोनला बराच वेळ इंटरनेट नसेल, तरीही आपला संदेश हिरव्या वाटेला लागू शकतो.

पैसे कापले जातात तेही इथेच. आपल्या रिचार्जमधले रोजचे फुकट एसएमएस देशातल्या देशात चालतात, परदेशी क्रमांकावर पाठवलेल्या एसएमएसचे पैसे मुख्य शिलकीतून निराळे जातात. म्हणजे एकच मजकूर तीनदा हिरवा गेला, तर तीनदा पैसे. शिल्लक संपलेली असेल, तर मात्र संदेश खरोखरच अडकतो आणि त्याच्या बाजूला लाल उद्गारचिन्ह येऊन खाली ‘नॉट डिलिव्हर्ड’ असे उमटते. संदेश गेला नाही असे छातीठोकपणे सांगणारी खूण ही एकच. त्या चिन्हावर बोट ठेवले की पुन्हा पाठवण्याचा पर्याय मिळतो.

यावर माझा सल्ला असा, की सेटिंगमध्ये मेसेजेस या विभागात जाऊन ‘सेंड ॲज टेक्स्ट मेसेज’ हा खटका बंद करावा. मग वीज गेली असता संदेश जाणार नाही, पण गुपचूप पैसेही जाणार नाहीत. तेवढे करायचे नसेल, तर लिहायला सुरुवात करण्याआधी मजकुराच्या रिकाम्या चौकटीत फिकट अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचण्याची सवय लावून घ्यावी. तिथे ‘आयमेसेज’ असेल तर निळी वाट, ‘टेक्स्ट मेसेज’ असेल तर हिरवी.

निळा संदेश गेला, पण खाली काहीच उमटले नाही, असेही कधीतरी होईल. याचा अर्थ तो ॲपलच्या सर्व्हरपर्यंत गेला आहे, पण मुलीचा फोन बंद आहे, विमानात आहे किंवा त्याला इंटरनेट नाही. असा संदेश तिथे ३० दिवसांपर्यंत ठेवलेला असतो आणि तिचा फोन सुरू झाला की पोहोचता होतो. पुन्हा पाठवू नये. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यू जर्सीत मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात, हेही ध्यानात असू द्यावे. त्या वेळी संभाषणाच्या तळाशी चंद्रकोर आणि तिने सूचना बंद ठेवल्याची ओळ दिसली, तर मुलगी झोपली आहे असे समजावे. संदेश पोहोचलेला असतो, फक्त फोन वाजलेला नसतो.

एक प्रसंग मात्र खरोखर फसवा आहे. मुलीने उद्या आयफोन सोडून अँड्रॉइड फोन घेतला आणि जुन्या फोनवरचे आयमेसेज बंद करायला ती विसरली, तर तिचा क्रमांक ॲपलच्या नोंदीत तसाच राहतो आणि आपले संदेश निळे होऊनही तिच्या नव्या फोनवर येत नाहीत. २०१४ मध्ये या तक्रारी फार वाढल्या, तेव्हा क्रमांक त्या नोंदीतून काढून टाकण्याची सोय ॲपलने आपल्या संकेतस्थळावर उपलब्ध करून दिली.

अमेरिकेत या हिरव्या रंगाला सामाजिक अर्थही चिकटला आहे. तिथल्या शाळकरी मुलांत हिरवा संदेश म्हणजे आयफोन नसलेला मुलगा, असे समीकरण झाले आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने ॲपलवर मक्तेदारीचा दावा लावला तेव्हा त्यातही या हिरव्या चौकटींचा उल्लेख केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या आयओएस १८ या कार्यप्रणालीपासून आयफोनवर आरसीएस हा तिसरा प्रकार आला. तो इंटरनेटवरून चालतो, अँड्रॉइड फोनशीही जुळतो, त्यात पोहोचल्याची खूणही मिळते. पण मोबाइल कंपनीने ती सेवा दिली असेल तरच. त्याचा रंग ॲपलने हिरवाच ठेवला आहे. रंगावरून सगळे कळेल अशी जी थोडी आशा होती, तीही त्यामुळे मावळली.

प्रश्न : माझ्या व्याह्यांना मी चार दिवसांपूर्वी व्हॉट्सॲपवर लग्नाच्या हिशेबाबद्दल लिहिले. अजून एकच करडी टिक आहे. त्यांनी मला ब्लॉक केले असेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : करता येईल असा तर्क आहे, पण सिद्ध होणार नाही. एक टिक म्हणजे संदेश आपल्या फोनवरून निघाला, दोन करड्या म्हणजे त्यांच्या फोनवर उतरला आणि दोन निळ्या म्हणजे त्यांनी तो उघडला. निळ्या टिका २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या आणि तेव्हापासून अनेक घरांतली शांतता गेली. ब्लॉक केल्यावर एकच टिक राहते हे खरे. परंतु फोन दुरुस्तीला दिला असेल, हरवला असेल, डेटा संपला असेल किंवा व्हॉट्सॲपच काढून टाकले असेल, तरीही एकच टिक राहते. त्यांचा फोटो आणि ‘लास्ट सीन’ दिसेनासे झाले, कॉलही लागेना, तर संशय वाढतो, एवढेच. ही संदिग्धता कंपनीने जाणूनबुजून ठेवली आहे, कारण ब्लॉक करणाऱ्याचे नाव उघडे पडू नये असा तिचा उद्देश आहे.

व्हॉट्सॲपचाही न पोहोचलेला संदेश ३० दिवसांनंतर पुसला जातो. हिशेबाचा विषय असल्याने तोवर थांबू नये आणि सरळ साधा फोन लावावा. आणखी एक गोष्ट : त्यांनी वाचल्याची खूण बंद ठेवली असेल, तर ते रोज आपले संदेश वाचत असले तरी आपल्याला निळ्या टिका कधीच दिसणार नाहीत. गटातल्या संदेशांना आणि ध्वनिसंदेशांना ही पळवाट नाही. ध्वनिसंदेश ऐकला की माइकचे चित्र निळे होतेच.

प्रश्न : मी ठाण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. सभेची सूचना मी अँड्रॉइड फोनवरून मराठीत एसएमएस करतो. इंग्रजीत एका संदेशात मावणारी सूचना मराठीत तीन संदेशांची कशी होते? आणि ती सभासदांना पोहोचली हे कळण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर : एका एसएमएसमध्ये १४० बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट) एवढीच जागा असते. इंग्रजी अक्षरे सात-सात बिटांत बसवली जातात, म्हणून ती १६० मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातले हलन्त हे सगळे निरनिराळे मोजले जातात. ‘क्षितिज’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, पण फोनच्या लेखी तो सात चिन्हांचा आहे. लांब संदेश तुकड्यांत जातो तेव्हा तुकडे पुन्हा जोडण्याच्या माहितीलाही जागा द्यावी लागते आणि प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हेच उरतात. इंग्रजीतला एखादा शब्द देवनागरीत घातला तरी हिशेब तोच. सूचनेत तारीख, वेळ, जागा आणि विषय एवढेच लिहून बाकीचे सूचनाफलकावर लावावे.

पोहोचल्याची पावती मिळवता येते. गूगलच्या मेसेजेस ॲपच्या सेटिंगमध्ये प्रगत पर्यायांत एसएमएसचा डिलिव्हरी रिपोर्ट मागण्याचा खटका आहे. तो चालू केल्यावर संदेश सभासदाच्या फोनवर उतरल्याची नोंद दिसते. त्याने तो वाचला की नाही हे मात्र एसएमएसमध्ये कधीच कळत नाही. ज्या सभासदांशी आरसीएस जुळते, त्यांना पाठवलेल्या संदेशाची चौकट गडद दिसते आणि तिथे एक टिक, दोन टिका असा क्रम मिळतो. एसएमएसची चौकट फिकट असते. सभेला गणसंख्या भरली नाही तर पुढे वाद होऊ शकतो, म्हणून फिकट चौकटींच्या सभासदांकडे सूचनेची छापील प्रत देऊन सही घ्यावी.