युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर: एकट्याने जाताना स्वस्तात काय आणि कधी खायचं

तुमचा प्रश्न वाचला. ऑफिसच्या कामाने आठवडाभर सिंगापूर, मधला रविवार मोकळा, युनिव्हर्सलच्या थीम पार्कचं तिकीट काढून झालंय, सोबत कोणी नाही. मांस-मासे नको, अंडं चालतं. आणि दिवसभराचं खाणं २० सिंगापूर डॉलरात बसवायचंय. बसतं. मी सात वर्षं तिथे राहिले आणि भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सेंटोसाच्या, म्हणजे हे पार्क ज्या बेटावर आहे त्याच्या, दारापर्यंत सोडलं. आत मात्र बरेचदा एकटीच गेले, कारण वार्षिक पास होता आणि नवऱ्याला पाळण्यात बसलं की मळमळतं.

आधी एक हिशेब करा. तिकीट ८० डॉलरच्या वर गेलंय आणि पार्क साधारण आठ-नऊ तास उघडं असतं. म्हणजे आतला एक तास तुम्हाला नऊ-दहा डॉलरला पडतो. हे सांगायचं कारण असं की पैसे वाचवायला निघालेला प्रत्येक जण एकच बेत आखतो: दुपारी हातावर शिक्का मारून बाहेर पडायचं, समोरच्या मॉलमध्ये स्वस्तात जेवायचं, परत आत यायचं. शिक्का मारून देतात, त्याच दिवशी परत येता येतं, सगळं खरं. पण व्हिवोसिटी मॉलपर्यंत बोर्डवॉकने, म्हणजे पाण्यावरच्या पादचारी वाटेने, चालत पंधरा मिनिटं धरा, तीही विषुववृत्ताजवळच्या भर दुपारी. मग रविवारच्या फूड कोर्टातली रांग, मग बसायला जागा, मग परत पंधरा मिनिटं, मग पुन्हा पिशवी तपासणी. दीड तास सहज जातो. वाचले किती? आठ डॉलर. घालवले पंधराचे. मी हा उद्योग दोनदा केला आहे, म्हणून सांगते.

त्यामुळे माझं म्हणणं: सकाळी बाहेर दणकून खा, आत एकदाच आणि थोडकं खा, रात्री पुन्हा बाहेर पोटभर जेवा. कुठे खायचं यापेक्षा कधी खायचं, यावरच तुमचे २० डॉलर टिकतील.

सकाळ सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. लिटल इंडिया स्टेशनच्या सी दाराला लागूनच टेक्का सेंटर आहे. खाली मंडई, तिथेच खाण्याचे गाळे. ही सिंगापूरची हॉकर सेंटरं. पूर्वी रस्त्यावर हातगाड्या लावणाऱ्यांना सरकारने छप्पर, पाणी आणि गटार देऊन एका जागी बसवलं, तीच ही व्यवस्था. २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला आपल्या वारसा-यादीत घेतलं. आपल्याला त्याचं कौतुक इतकंच की इथे लिहिलेली किंमत हीच खरी किंमत. रेस्टॉरंटात मेनूवर आकड्यापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी चढतो. २० डॉलरची थाळी २४ ला पडते ती अशी. हॉकर सेंटरात ही भानगड नाही, टीपही द्यावी लागत नाही.

तिथे रोटी प्राटा खा. आपल्याकडे दक्षिणेतला परोटा मिळतो त्याचाच हा भाऊ, तव्यावर तुपा-तेलात खरपूस भाजलेला, पदर सुटलेला. साधा प्राटा दीड डॉलरच्या आसपास, अंड्याचा जरा जास्त. एक साधा, एक अंड्याचा, असं घ्या. दुपारी दोनपर्यंत भूक लागणार नाही. फक्त एक खबरदारी घ्या: सोबतच्या वाटीतली करी बहुतेक ठिकाणी माशाची किंवा मटणाची असते, विचारल्याशिवाय ओतूनही देतात. आधीच "डाल, नो फिश, नो मटन" असं सांगा. किंवा सरळ साखर मागा. प्राट्याबरोबर साखर खाणं तिथे अगदी रुळलेलं आहे, लहान मुलं तर हमखास तसंच खातात. मला पहिल्यांदा बघून आजोळची साखर-पोळी आठवली होती. मैद्याचं काही नको असेल तर तिथेच इडली-डोसेवालेही आहेत, पण दिवसभर चालायचं असेल तेव्हा दोन इडल्या अकरा वाजताच दगा देतात.

चहाची भाषा शिकून घ्या, नाहीतर पहिल्या घोटाला पाक प्यायल्यासारखं वाटेल. नुसतं "ते" म्हटलं की कंडेन्स्ड दूध घातलेला गोड चहा येतो, "कोपी" म्हटलं की तशीच कॉफी. मागे "ओ" लावलं की बिनदुधाचा, "सी" लावलं की इव्हॅपोरेटेड दूध, "कोसोंग" म्हणजे बिनसाखरेचा (मलय भाषेत कोसोंग म्हणजे रिकामं), "पेंग" म्हणजे बर्फ घातलेला. आणि मराठी माणसाचा जीव जिथे अडकतो तो आल्याचा चहा तिथे "ते हालिया" या नावाने मिळतो. सगळं मिळून पाच डॉलरच्या आत-बाहेर.

टेक्काहून पुढचा प्रवास सोपा आहे. त्याच स्टेशनातून जांभळी लाईन घ्या, हार्बरफ्रंट पाचवं आणि त्या बाजूचं शेवटचं स्टेशन. वरच व्हिवोसिटी. गाडीत काही खाऊ-पिऊ नका, पाण्याचा घोटसुद्धा नाही. ५०० डॉलरपर्यंत दंड आहे आणि पाट्यांवर तो आकडा स्पष्ट लिहिलेला असतो. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्सप्रेस ही मोनोरेल सुटते, तिचे आत जाताना ४ डॉलर लागतात, बाहेर येताना काही नाही. चार डॉलर म्हणजे तुमच्या दिवसाच्या खाण्याचा पाचवा हिस्सा. सकाळी ऊन कमी असतं, बोर्डवॉकने चालत जा, फुकट आहे, अर्ध्या वाटेवर सरकते पट्टेही आहेत. परतताना पाय बोलायला लागले की मोनोरेलमध्ये बसा, तेव्हा ती फुकटच असते.

आता पाणी. तिथलं नळाचं पाणी थेट पिण्याजोगं आहे. हॉटेलमधून एक लिटरची बाटली भरून न्या, आत स्वच्छतागृहांजवळ पाण्याचे कूलर आहेत, तिथे भरत राहा. सिंगापूरच्या दमट हवेत घाम इतका येतो की माणूस तहानेलाच भूक समजतो आणि समोर दिसेल ते थंड पेय घेतो. आतल्या दराने दोन-तीन पेयं घेतली की रात्रीच्या जेवणाचे पैसे त्यातच गेले. खिसा कापला जातो तो जेवणाने नाही, या गार पेयांनी.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. तहानलाडू-भूकलाडू बांधून नेण्याची आपली सवय दारातच अडते. मी एकदा दुसऱ्याच एका देशातल्या पार्कात चार थालीपिठं आणि लोणी डब्यात घालून नेलं होतं. दारात परत पाठवलं, टाकवेना, म्हणून कठड्यावर बसून साडेनऊ वाजता चारही खाल्ली आणि मग पहिले दोन तास कशातच बसले नाही. म्हणून सांगते, भाकरवडी, चिवडा, खाकरे जे काही आणाल ते हॉटेलवर ठेवा. रात्री अकरा वाजता त्याची खरी किंमत कळते.

आत गेल्यावर. एकट्याचा एक मोठा फायदा आहे आणि तो खाण्याशीही जोडलेला आहे. ट्रान्सफॉर्मर्स, ममी आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिका या तिन्ही ठिकाणी एकट्यांसाठी वेगळी रांग असते. सोबत असलेल्यांच्या रांगेत तासभर लागत असेल तिथे तुम्ही बरेचदा खूप लवकर आत असता. म्हणजे सगळं जग बारा ते दोन जेवायला बसतं तेव्हा तुम्ही पाळण्यात बसा, आणि तीनच्या सुमाराला खा. तीनला काउंटरवर रांग नसते, पंख्याखालची खुर्ची मिळते आणि पोटही सकाळच्या प्राट्यावर तिथवर आलेलं असतं. एवढं मात्र करा: बॅटलस्टार हा रोलरकोस्टर आहे, त्याचे दोन्ही ट्रॅक खाण्याआधी उरका. त्यातला निळा ट्रॅक, सायलॉन, माणसाला पाय लोंबकळत उलटा फिरवतो. भरल्या पोटी तो कोणी करू नये, रिकाम्या पोटीही विचार करून करावा. तिथे खिशातलं सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागतं. लॉकर ठराविक वेळ फुकट असतो, नंतर मीटर चालू होतो. बाटली आत विसरून गप्पा मारत बसू नका. (एकटे आहात, गप्पांचा प्रश्न नाही म्हणा.)

तीन वाजता काय खायचं? आत पूर्ण जेवणाची ताटली मी गेले तेव्हा १५ ते २० डॉलरच्या घरात होती, आता त्याहून कमी नक्कीच नसेल. एकट्याची खरी अडचण इथे आहे. चौघे असले की दोन ताटल्यांत भागतं, एकट्याला पूर्ण घ्यावीच लागते आणि अर्धी उरते. त्यामुळे कॉम्बोच्या फलकाकडे बघूच नका. काउंटरवर उभं राहून एकेकटा पदार्थ मागा: नुसते फ्राइज, एखादा पाव, मक्याचं कणीस, जे असेल ते. कॉम्बोतलं पेय तुम्हाला नकोच आहे, बाटली आहे. सहा-आठ डॉलरात तीनचं खाणं उरकतं. भाताशिवाय जमतच नसेल तर पार्कातल्या इजिप्तच्या भागातल्या ओअॅसिस स्पाइस कॅफेत भारतीय आणि अरबी धाटणीचं जेवण असतं, शाकाहारी काही ना काही सापडतं. पण मग २० चा आकडा विसरा, २८-३० धरा. खरं सांगू का, ८० डॉलरचं तिकीट काढलेल्या माणसाने आठ डॉलरसाठी चिडचिड करत फिरावं असं मला वाटत नाही. पण तुम्ही २० म्हणालात, मी २० मध्ये बसवून देते.

एकट्याने जेवायला बसण्याबद्दलही विचारलंय, की ट्रे घेऊन येईपर्यंत टेबल कोण राखणार. सिंगापूरने यावर फार सुंदर तोड काढली आहे. टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवायचं. झालं, ती जागा तुमची. याला "चोप" करणं म्हणतात. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तंतोतंत तेच. फरक इतकाच की इथे रुमालाचा मान राखतात, भांडण होत नाही. टिश्यूचं पाकीट खिशात ठेवा, फोन किंवा पासपोर्ट ठेवू नका. आणि खाऊन झालं की ट्रे उचलून स्टँडवर नेऊन ठेवा. २०२१ पासून हॉकर सेंटरांत हे सक्तीचं आहे. स्टँडही दोन असतात, हलाल आणि इतर, पाटी वाचून ठेवा. एकटं जेवणाऱ्याकडे तिथे कोणी वळून बघत नाही. निम्मं शहर एकटंच, फोनकडे बघत, दहा मिनिटांत जेवून उठतं. मला सुरुवातीला वाईट वाटायचं, मग सवय झाली, मग आवडायला लागलं.

रात्रीचं. रविवारी संध्याकाळी लिटल इंडियात जायचं म्हणाल तर विचार करून जा. आठवडाभर बांधकामावर राबणाऱ्या हजारो तमिळ आणि बांगलादेशी कामगारांचा तो सुट्टीचा दिवस, सेरंगून रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. मला ती गर्दी आवडते. गावच्या जत्रेत फिरल्यासारखं वाटतं. पण दिवसभर उभं राहून आल्यावर डोशासाठी पुन्हा रांगेत उभं राहणं जमेल का, ते तुम्ही बघा. जमत असेल तर १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास तिथेच आहे, हॉकर सेंटरपेक्षा थोडं महाग.

नाहीतर मी करायचे ते करा. व्हिवोसिटीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे सेंटोसा एक्सप्रेस सोडते तिथेच, फूड रिपब्लिक नावाचं फूड कोर्ट आहे. त्याहून स्वस्त हवं असेल तर हार्बरफ्रंटच्या पलीकडे सिआ इम फूड सेंटर. चिनी खाण्यात शाकाहारी माणसाने इतकं ध्यानात ठेवावं की हिरवी भाजी दिसली म्हणजे ती शाकाहारी असेलच असं नाही. ऑयस्टर सॉस, सुक्या मासळीची पूड, डुकराची चरबी यातलं काहीही त्यात असू शकतं. नासी लमाक या नारळाच्या दुधातल्या भाताबरोबरच्या लाल चटणीतही वाळवलेल्या कोळंबीचं बेलाचान असतं. पण बऱ्याच ठिकाणी बौद्ध पद्धतीचा शाकाहारी गाळा असतो, तिथे निर्धास्त राहा. ताटल्यांत चिकन आणि मासा दिसून दचकाल, ते सगळं सोया आणि मैद्याचं केलेलं असतं. गंमत म्हणजे त्यांच्यात कांदा-लसूणही घालत नाहीत. माझी एक जैन मैत्रीण सिंगापुरात चार वर्षं याच गाळ्यांवर आनंदाने जगली. भात, दोन भाज्या आणि टोफू बोटाने दाखवायचे, पाच-सहा डॉलरात ताट भरतं. भाषेची गरजच पडत नाही.

म्हणजे सकाळी पाच, दुपारी सात-आठ, रात्री सहा. एक ते हालिया बसेल एवढे उरतात.

तुमचं हॉटेल कुठल्या भागात आहे ते सांगा. टेक्का लांब पडत असेल तर जवळपासचं एखादं हॉकर सेंटर सुचवते, सकाळी लवकर उघडणारं.