दिवसभर मोबाईलवर अभ्यास, तरी डोकं रिकामं

"मॅडम, मी दिवसभर मोबाईलवर अभ्यासच करते, तरी परीक्षेत काही आठवत नाही. मला मोबाईलचं व्यसन लागलंय का?" नर्सिंग, वैद्यकीय, फिजिओथेरपी, फार्मसी अशा कुठल्याही शाखेची मुलं माझ्याकडे आली की हा प्रश्न या ना त्या शब्दांत येतोच. घरच्यांचा त्यावरचा उपाय ठरलेला असतो, मोबाईल काढून घ्या. मला तो पटत नाही. या मुलांची लेक्चर्स, नोट्स, ड्युटीचं वेळापत्रक, वॉर्डच्या सूचना, मैत्रिणी, सगळं त्या एका यंत्रात असतं. ते काढून घेतलं की अभ्यास जातो आणि माणसंही जातात.

तन्वीची गोष्ट सांगते. नाव आणि तपशील बदलले आहेत, लिहायला तिची परवानगी आहे. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी पहिल्याच भेटीत स्क्रीन टाइमचा आकडा दाखवत म्हणाली, "रोजचे 9 तास. मी बिघडलेय." औषधशास्त्राच्या चाचणीत ती नापास झाली होती, झोप उडाली होती, आणि वर्गातले सगळे आपल्या पुढे गेलेत याची तिला खात्री होती.

मला तो आकडा महत्त्वाचा वाटला नाही. त्या 9 तासांत ती काय करत होती, हे जाणून घ्यायचं होतं. म्हणून आठवडाभर तिला एक साधं काम दिलं. मोबाईल हातात घेतला की वहीत एकच अक्षर लिहायचं. शिकण्यासाठी घेतला तर 'शि', कुणाची सोबत हवी म्हणून घेतला तर 'सो', आणि भीती वाटली म्हणून घेतला तर 'भी'. पुढच्या भेटीत तिनं वही उघडली आणि स्वतःच गप्प झाली. पानंच्या पानं 'भी'नं भरली होती. ग्रुपवर कुणी "माझे तीन चॅप्टर झाले" असं टाकलं की नवीन पीडीएफ उतरवायची. रात्री जाग आली की इतरांचे चाचणीचे गुण पुन्हा बघायचे. झालेलं लेक्चर दुप्पट वेगानं परत लावायचं. हे सगळं ती अभ्यास म्हणून मोजत होती, आणि दमत होती ती खरीच.

मग 'शि'च्या नोंदींकडे वळलो. तिथेही गडबड होती, पण ती आळसाची नव्हती. व्हिडिओ पाहून झाला की तिला विषय कळल्यासारखा वाटायचा आणि आठवड्यानं पाटी कोरी. अभ्यासाच्या मानसशास्त्रात हे चांगलं माहीत असलेलं आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56. तन्वीला हे आकडे दाखवले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मला लगेच येतं असं वाटतं, ते खोटं नसतं. फक्त टिकत नाही." बरोबर हेच.

कॅथेटर, म्हणजे शरीरात घालायची नळी, घालण्याचा व्हिडिओ तिनं कितीतरी वेळा पाहिला होता, तरी प्रत्यक्ष मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हात थरथरले. त्याचंही तिला फार लागलं होतं. कार्डास आणि ओब्रायन या संशोधकांच्या 2018 च्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. एखादं कौशल्य पुन्हा पुन्हा नुसतं पाहिलं की ते आपल्याला जमेल हा विश्वास वाढतो, प्रत्यक्ष जमणं मात्र वाढत नाही. व्हिडिओनं पायऱ्यांचा क्रम कळतो, निर्जंतुक हातमोजा नेमका कुठे अस्वच्छ होतो हे डोळ्यांना कळतं. हाताला ते करूनच कळतं. म्हणून आम्ही ठरवलं, व्हिडिओ एकदा पाहायचा, मग तो बंद करून पायऱ्या मोठ्यानं म्हणायच्या, आणि स्किल लॅबमध्ये मैत्रिणीला समोर उभं करून, चुकलं तर अडवायला सांगून करायचं.

अँकी हे फ्लॅशकार्डचं ॲप तिच्याकडे होतं. आज दिसलेलं कार्ड वाढत्या अंतरानं पुन्हा समोर येतं, हे त्याचं तत्त्व. आठवून बघणं आणि अंतर ठेवून बघणं दोन्ही त्यात असल्यानं मला ते आवडतं. पण तन्वीच्या ॲपवर चौदाशे कार्डं बघायची राहिली होती. ॲपमध्ये मुळात दिवसाला 20 नवीन कार्डांची मर्यादा असते. तिनं कुणाचं तरी ऐकून ती 60 केली होती. प्रत्येक नवीन कार्ड पुढचे कित्येक दिवस परत येत राहतं, त्यामुळे 60च्या हिशेबात कुणीही बुडालं असतं. त्यात कार्डं दुसऱ्याच कॉलेजच्या मुलांनी बनवलेली, तिच्या अभ्यासक्रमात नसलेलीही. आम्ही नवीन कार्डं काही काळ बंद केली, अभ्यासक्रमाबाहेरची वगळली, आणि त्या दिवशी वॉर्डमध्ये पाहिलेल्या रुग्णावरून तिनं स्वतःची थोडी कार्डं बनवायची असं ठरलं. इन्सुलिन दिलं त्या दिवशी इन्सुलिनचं कार्ड. हे तिला जमलं, कारण ते तिचं होतं.

इथपर्यंतचं बोलणं सोपं होतं. 'सो'च्या नोंदी खूप कमी होत्या आणि जवळजवळ सगळ्या मध्यरात्रीनंतरच्या. विचारलं तर बराच वेळ काही बोलली नाही. मग सांगितलं. क्लिनिकल पोस्टिंगमध्ये रोज सकाळी ज्या आजींचा रक्तदाब ती मोजायची, त्या एका सकाळी खाटेवर नव्हत्या. रात्री गेल्या होत्या. तिनं पाहिलेला पहिला मृत्यू. त्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर चाचणीची उत्तरं चालली होती, तिथे हे लिहायला तिला जागाच दिसली नाही. घरी सांगितलं तर काळजी करतील. रात्री दोन वाजता तिनं चॅटबॉटला लिहिलं, आणि मग रोज रात्री लिहू लागली.

तिला वाटलं मी रागावेन. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. ज्या दुःखाला कुठेच वाट नव्हती त्याला तिथे शब्द तरी मिळाले, उत्तरही मायेच्या भाषेत आलं. पण ती नीट जेवत नाही हे त्याला दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी "कशी आहेस गं?" म्हणून ते स्वतःहून विचारणार नव्हतं. त्या आजी त्याला माहीत नव्हत्या. त्या वॉर्डमधल्या सिस्टरना मात्र माहीत होत्या. तन्वीनं त्यांच्याशी एकदा बोलावं असं मी सुचवलं. ती गेली. सिस्टर तिला एवढंच म्हणाल्या की पहिला मृत्यू त्यांनाही अजून आठवतो, आणि ड्युटी संपल्यावर दोघी थोडा वेळ बसल्या. त्यानंतर रात्रीचं लिहिणं कमी झालं. बंद नाही झालं, आणि मी तसा आग्रहही धरला नाही.

दोन गोष्टींबद्दल मात्र मी स्पष्ट बोलले. आजींचं नाव, खाट क्रमांक, आजार हे तिनं सगळं तिथे लिहिलं होतं. रुग्णाची गोपनीयता आपल्या रडण्याच्या वेळीही तशीच राहते. आपल्याला काय वाटलं ते लिहावं, रुग्ण ओळखू येईल असं काही नाही. ग्रुपवर जखमेचे किंवा एक्स-रेचे फोटो टाकणाऱ्यांनाही मी हेच सांगते. आणि औषधाचा डोस चॅटबॉटला विचारून कधीही द्यायचा नाही. तो चुकीचं उत्तरही ठाम सुरात देतो, आणि दशांश चिन्ह एक घर सरकलं तर डोस दहापट होतो. त्यासाठी रुग्णालयाची औषधसूची, फार्मासिस्ट, सिस्टर आहेत.

तिनं मोबाईलवर पीएचक्यू-9 ही नैराश्याच्या लक्षणांची चाचणीही भरली होती. गुण आले 14, आणि आपल्याला नैराश्याचा आजार झाला असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं. या चाचणीत गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे 9 प्रश्न असतात, एकूण गुण 27. 10 किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासणी व्हावी, एवढाच त्याचा अर्थ. आजाराचं निदान माणूस करतो. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलचा आहे, आणि तो मी स्क्रीनवर सोडत नाही, समोर बसून सरळ विचारते. ती म्हणाली, "मरावंसं नाही वाटत. पण सकाळी उठावंसंही वाटत नाही." तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, तिच्याबरोबर मैत्रीण गेली. असे विचार येत असतील तर त्या रात्री ॲप उघडू नका, माणसाला उठवा. मैत्रीण, वॉर्डन, हेल्पलाइन, अपघात विभाग, कुणीही चालेल.

"मॅडम, आम्हीच दुसऱ्यांना सांभाळायला निघालोय आणि माझीच ही अवस्था," असं तिनं म्हटलं तेव्हा तिला 2016 मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं विश्लेषण सांगितलं. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत साधारण 27 टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली होती, आणि त्यातल्या जेमतेम 16 टक्क्यांनी उपचार घेतले होते. म्हणजे तिच्या वर्गातही तिच्यासारखी आणखी काही जणं गप्प बसली असणार. ग्रुपवर दिसतात ते झालेले चॅप्टर.

पुनर्परीक्षेत औषधशास्त्र सुटलं. स्क्रीन टाइम अजून 7 तासांच्या आसपास आहे, पण वहीत 'शि' जास्त दिसतो. वर्गाचा ग्रुप तिनं सोडला नाही, सूचना चुकतील म्हणून. रात्री दहानंतर म्यूट करते. तीन मैत्रिणींचा वेगळा ग्रुप केलाय, तिथे गुणांबद्दल बोलायचं नाही असं त्यांचं त्यांनीच ठरवलंय. पुढची पोस्टिंग अतिदक्षता विभागात आहे. त्याआधी एकदा आणि पहिल्या आठवड्यानंतर एकदा भेटायचं असं आम्ही ठरवलं आहे.